सांगून झाल्यावर काय? : एका कुमार कादंबरीच्या संपादनाचा अभ्यास

हस्तलिखित माझ्याकडे आलं तेव्हा त्याची गोष्ट थोडक्यात अशी होती. नववीतला मुलगा, वय पंधरा. वर्षाच्या सुरुवातीला तुकड्या बदलतात आणि त्याचा एकुलता एक जवळचा मित्र दुसऱ्या वर्गात जातो. मुलगा वर्गाच्या ग्रुपवर आहे, खेळाच्या संघात आहे, मधल्या सुट्टीत घोळक्यात उभा असतो, तरी अख्ख्या दिवसात त्याच्याशी कुणी धड बोललेलं नसतं. हळूहळू झोप उडते, अभ्यास सुटतो, चिडचिड वाढते. घरचे म्हणतात माजलाय, शाळा म्हणते लक्ष नाही. एका रात्री तो जीव द्यायला निघतो, वाचतो, आणि दुसऱ्या दिवशी वर्गाच्या बाईंना सगळं सांगतो. त्यापुढचं प्रकरण शेवटचं. मध्ये तीन महिने उलटलेले असतात आणि मुलगा शाळेच्या कार्यक्रमात स्टेजवर मित्रांच्या खांद्यावर हात टाकून हसत असतो.

लेखिकेची ही पहिली कादंबरी. भाषा सुरेख, मुलाचा आवाज अस्सल. पहिल्या वाचनात मी दोन ठिकाणी थांबले आणि दोन्ही वेळा डोळे भरून आले होते. तरीही हे पुस्तक आहे तसं कुमार वाचकाच्या हाती देऊ नये असं माझं मत झालं, आणि ते मी लेखिकेला पहिल्याच भेटीत सांगितलं. तिच्या संमतीने, नावं न देता, पुढे काय काय झालं ते इथे मांडते आहे. अशा विषयावर लिहिणारे, संपादन करणारे आणि मुलांच्या हाती पुस्तकं देणारे शिक्षक यांना त्याचा उपयोग व्हावा एवढीच इच्छा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयोगटात दर सात जणांमागे एकाला मानसिक विकाराचा त्रास असतो. त्या हिशेबाने चाळीस मुलांच्या वर्गात हे पुस्तक फिरलं, तर पाच-सहा मुलं ते आतून वाचतील. बाकीच्यांसाठी ती गोष्ट असेल. या पाच-सहा जणांसाठी ती माहितीही असेल: आपल्याला जे होतंय त्याला काय म्हणतात, कुणाला सांगायचं, आणि सांगितल्यावर काय होतं. हस्तलिखितात या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. सांगितलं आणि बरा झाला, एवढंच होतं.

एकटेपणा आणि आजार

लेखिकेने दोन्ही गोष्टी एकाच धाग्यात ओवल्या होत्या: मित्र गेला म्हणून एकटा पडला, एकटा पडला म्हणून आजारी झाला, मित्र परत आला म्हणून बरा झाला. वाचायला हे सरळ वाटतं. आम्ही हस्तलिखित एका बालमानसोपचारतज्ज्ञांना वाचायला दिलं, तेव्हा त्यांनी पहिली रेघ इथेच मारली.

एकटेपणाबद्दल समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ साली एक फरक मांडला, तो आम्हाला फार कामी आला. आपल्याभोवती माणसांचं जाळं नसणं हा एक एकटेपणा, आणि जाळं असूनही जिवाभावाचं एक माणूस नसणं हा दुसरा. एकाची भरपाई दुसऱ्याने होत नाही. लेखिकेचा नायक दुसऱ्या प्रकारात बसतो, हे तिला अंतःप्रेरणेने कळलेलंच होतं. घोळक्यातलं त्याचं उभं राहणं तिने अचूक लिहिलं होतं. पण शिक्षक पात्रं त्याला उपाय सुचवत होती ती पहिल्या प्रकारची: स्पर्धेत भाग घे, ग्रुपमध्ये मिसळ, सगळ्यांशी बोल. हे उपाय फोल ठरतात असं दाखवायची संधी कादंबरीत होती आणि ती निसटली होती. आता नव्या मसुद्यात तो गटप्रकल्पात भाग घेतो, काम चोख करतो, आणि घरी येऊन आधीपेक्षा रिकामा होतो.

आजाराचं वेगळं आहे. नैराश्याचं निदान करताना डॉक्टर नऊ लक्षणांपैकी किमान पाच लक्षणं सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज आहेत का, हे पाहतात. त्यांत उदास मन किंवा कशातच रस न उरणं यांपैकी एक असावंच लागतं, आणि या सगळ्यामुळे रोजचं जगणं अडलेलं असावं लागतं. मुलांमध्ये आणि किशोरांमध्ये उदासीच्या जागी चिडचिडेपणाही धरला जातो. हा शेवटचा मुद्दा माझ्या मते पूर्ण कादंबरीचा कणा आहे. पंधरा वर्षांचा मुलगा आईवर खेकसतो, दार आपटतो, मैदानात भांडतो. त्याच्याकडे पाहून कुणाच्या मनात आजार येत नाही. सगळ्यांना दिसतो तो उर्मटपणा. लेखिकेने हे लिहिलेलं होतं, पण पुढे कुठलंच पात्र परत येऊन म्हणत नव्हतं की तो माज नव्हता. आता डॉक्टर ते वडिलांना सांगतात, मुलासमोर, आणि वडील खुर्चीतल्या खुर्चीत अवघडतात.

झोपेचंही तसंच. मूळ मसुद्यात मुलगा रात्री एक वाजेपर्यंत जागा असायचा. हस्तलिखित वाचणाऱ्या तज्ज्ञांनी समासात लिहिलं: या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, उशिरापर्यंत जाग राहणं बहुतेक मुलांना असतं, तेवढ्यावरून आजार म्हणू नका. मग मुलगा पहाटे चारला जागा होऊ लागला आणि पुन्हा झोप येईना. बदल एका वाक्याचा, पण ज्याला हे होत असेल तो वाचक त्या वाक्यापाशी थांबेल.

एकटेपणा आणि आजार यांतला फरक सांगण्यासाठी मी डॉक्टरांच्या तोंडी एक उतारा घालावा असं सुचवलं होतं. लेखिकेने त्याऐवजी एक प्रसंग लिहून आणला. मित्र परत येतो. त्याला चुकल्याचुकल्यासारखं झालेलं असतं, तो स्वतःहून येतो. मुलाचं निवेदन असं आहे:

«तो येऊन माझ्या बाकावर बसला, पहिल्यासारखाच. इतके दिवस मी हेच मागत होतो. तो बोलत होता आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. मला आनंद व्हायला हवा होता. मी आत शोधला. नव्हता. मग मला खरी भीती वाटली.»

संगत मिळाली की एकटेपणा निदान हलतो. इथे संगत मिळूनही काही हलत नाही, आणि ते मुलाला स्वतःलाच उमगतं. माझ्या उताऱ्याची गरज उरली नाही. संपूर्ण पुस्तकातला हा सर्वांत मोलाचा परिच्छेद आहे असं मला वाटतं.

खलनायक

मूळ मसुद्यात एक दांडगट मुलगा होता. तो नायकाला छळायचा, त्याची वही फाडायचा, ग्रुपवर त्याचे फोटो टाकायचा. शिवाय वडील मारायचे आणि गणितात नापास होणं होतंच. लेखिकेला भीती होती की कारण दिलं नाही तर वाचक म्हणेल, याला एवढं काय झालंय?

मी नेमकं याच्या उलट म्हणत होते. नैराश्यामागे अनुवंश, शरीर, स्वभाव, घर, शाळा असं बरंच काही मिळून असतं, आणि पुष्कळदा बोट ठेवावं असं एक कारण सापडत नाही. कादंबरीत मात्र छळणारा आणि मारणारा असे दोघे उभे केले की वाचणारी मुलगी हिशेब मांडते: मला कुणी छळत नाही, आई-बाबा चांगले आहेत, म्हणजे मला आजारी पडायचा हक्कच नाही. असं मानणारी मुलं सर्वांत उशिरा बोलतात, कारण बोलायला कारण हवं असं त्यांना वाटत राहतं.

छळ खोटा असतो असं अजिबात नाही. छळाने मुलं आजारी पडतात आणि त्यावर स्वतंत्र कादंबऱ्या हव्यात. या कादंबरीत मात्र छळणारा मुलगा गेला. वडील राहिले, मारणं गेलं. ते दमलेले, प्रेमळ आणि बोलण्यात तोकडे झाले. त्याने गोष्ट कमकुवत होईल असं लेखिकेला वाटलं होतं. झालं उलटंच, कारण आता दोष द्यायला कुणी उरलं नाही आणि मुलगा तो स्वतःलाच देऊ लागला. आजारात नेमकं तेच होतं.

शिवाय निवेदन पहिल्या पुरुषात असल्याचा फायदा घेता आला. मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो यांचं संशोधन सांगतं की एकटेपणा लांबला की मन सामाजिक धोक्याच्या बाबतीत अतिसावध होतं. दुसऱ्याच्या साध्या वागण्यातही नकार दिसू लागतो. म्हणजे मुलगा सांगतो ते सगळं खरंच असेल असं नाही. नव्या मसुद्यात मागच्या बाकावरची एक मुलगी त्याला दोनदा विचारते, «तू ठीक आहेस ना?» दोन्ही वेळा तो ते टोमणा समजून पुढे जातो. चौकस वाचकाला ते ऐकू जातं, त्याला जात नाही. त्या ठिकाणी काहीही समजावून सांगायचं नाही हे आम्ही पक्कं ठरवलं.

ती रात्र

आमचा सर्वांत लांबलेला वाद इथे झाला. अठराव्या प्रकरणात सगळं तपशिलात होतं: साधन, जागा, तयारी, आणि पूर्ण चिठ्ठी. लेखिकेचं म्हणणं होतं, खोटं लिहायचं नाही. मुलांना सगळं माहीत असतं.

मी तिला जर्मन लेखक ग्योएटेच्या ‘वेर्टर’ या कादंबरीची आठवण करून दिली. ती कादंबरी १७७४ साली आली. तिच्यातला तरुण शेवटी जीव देतो, आणि त्याचं अनुकरण होतं आहे या धास्तीने लाइपझिगमध्ये १७७५ साली तिच्यावर बंदी आली. दोनशे वर्षांनी, १९७४ साली, समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर छापलेल्या आत्महत्यांच्या बातम्यांनंतर आत्महत्यांचे आकडे वाढतात असं दाखवलं आणि त्याला वेर्टरचंच नाव दिलं. बातमीबाबतचा पुरावा भक्कम आहे, कथा-कादंबऱ्यांबाबत तो तितका एकमुखी नाही, हेही मी तिला सांगितलं. पण पद्धतीचं वर्णन गाळल्याने कादंबरीचं काय बिघडतं, या प्रश्नाला आम्हा दोघींकडे उत्तर नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या माध्यमांसाठीच्या सूचनांत साधनाचं वर्णन करू नये, जागेचे तपशील देऊ नयेत, चिठ्ठी छापू नये असं स्पष्ट आहे. आम्ही तिन्ही गोष्टी काढल्या.

उरलं काय? रात्र उरली, आणि ती कशी सरली हे उरलं. इथे दुसरा एक अभ्यास कामाला आला. २०१० साली ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी वर्तमानपत्रांतले मजकूर तपासले तेव्हा असं दिसलं की मनात आत्महत्येचे विचार आले, पण माणसाने ते संकट दुसऱ्या मार्गाने पार केलं, अशा हकिगतींनंतर आत्महत्यांचं प्रमाण कमी होण्याकडे कल होता. या परिणामाला त्यांनी मोझार्टच्या १७९१ सालच्या संगीतिकेतल्या पापागेनोचं नाव दिलं. जीव द्यायला निघालेल्या त्या पात्राला तीन मुलं दुसरी वाट आठवून देतात. लेखिका त्यावर बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने ते प्रकरण नव्याने लिहिलं. आता त्यात एक मुलगा आहे, खोलीतला दिवा आहे, मित्राला केलेला आणि न उचललेला फोन आहे, आणि पाणी प्यायला उठलेली धाकटी बहीण आहे, जी काहीही न समजता त्याच्या पलंगावर येऊन बसते आणि तिथेच झोपून जाते. पुढचे तास तो मिनिटामिनिटाने काढतो. त्या लाटेची धार पहाटेपर्यंत कमी होते, आणि ती कमी होते हे वाचकाला दिसतं. असे विचार पुष्कळदा चढतात आणि उतरतात, हे ज्याला माहीत नाही त्याला ते माहीत व्हायलाच हवं.

बाईंचा प्रश्न

मूळ मसुद्यातल्या बाई प्रेमळ होत्या. «असले विचार मनात आणायचे नाहीत,» म्हणायच्या, आणि «कुणालाही सांगणार नाही» असं वचन द्यायच्या. दोन्ही वाक्यं बदलली.

थेट विचारलं तर नसलेला विचार मनात रुजेल ही भीती लेखिकेला होती, आणि ती बहुतेक मोठ्यांना असते. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा हायस्कुलांतल्या २,३४२ विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारलं गेलं, त्यांच्यात न विचारलेल्यांपेक्षा जास्त अस्वस्थता किंवा जास्त विचार आढळले नाहीत. आता बाई विचारतात:

«तुझ्या मनात मरून जावं असे विचार येतात का?»

«हो. कधी कधी.»

«सांगितलंस ते फार बरं केलंस. आज मी तुला एकटं सोडणार नाही. हे घरी सांगावं लागेल. तुझ्यासमोरच सांगू, चालेल?»

मुलगा चिडतो. त्याला दगा झाल्यासारखं वाटतं, आणि पुढची दोन प्रकरणं तो बाईंशी बोलत नाही. हे राहू दिलं. जिवाचा प्रश्न असताना गुपित ठेवायचं वचन देता येत नाही, आणि ते मोडल्याचा राग मुलाला येणारच. पुस्तकातल्या मुलाने लगेच आभार मानले असते, तर खऱ्या मुलाला आपल्या रागाची लाज वाटली असती.

पुढचे तीन महिने

मूळ मसुद्यात जिथे रिकामी जागा होती, तिथे आता सहा प्रकरणं आहेत. एवढ्या पानांत कथानक हलत नाही अशी तक्रार होऊ शकते. माझ्या मते पुस्तकाची खरी गरज हीच पानं आहेत, कारण बोलल्यावर काय होतं हे न कळल्यानेच कितीतरी मुलं बोलत नाहीत. दवाखान्यात काय करतात? कोंडून ठेवतात का? शाळेत सगळ्यांना कळतं का?

पहिल्या भेटीत डॉक्टर कंटाळवाणे प्रश्न विचारतात: झोप, भूक, कधीपासून, घरात आणखी कुणाला, कधी याच्या उलट, उगाचच फार उत्साह वाटतो का. रक्त तपासायला सांगतात, कारण थायरॉइडच्या त्रासातही माणूस असा मंदावतो. मग आई-वडिलांना बाहेर बसवून मुलाशी एकट्याशी बोलतात. मुलगा बाहेर येतो तेव्हा त्याच्या हातात एक कागद असतो: धोक्याची चिन्हं कोणती, स्वतः काय करायचं, कुणाकडे जाऊन बसायचं, कुणाला फोन करायचा, घरातल्या कोणत्या वस्तू कुलपात जायच्या. कागद त्याच्याच अक्षरात आहे.

«तीन महिन्यांनी बरा» का चाललं नाही, याचं उत्तर एका जुन्या, मोठ्या चाचणीत आहे. अमेरिकेत १२ ते १७ वयाच्या, नैराश्य असलेल्या ४३९ मुलांवर ती झाली आणि निष्कर्ष २००४ साली आले. बारा आठवड्यांनंतर औषध आणि बोलण्याचे उपचार दोन्ही मिळालेल्यांपैकी ७१ टक्के मुलांत स्पष्ट सुधारणा होती. नुसतं औषध मिळालेल्यांत सुमारे ६१, नुसते बोलण्याचे उपचार मिळालेल्यांत ४३, आणि औषध नसलेली गोळी मिळालेल्यांत ३५ टक्के. म्हणजे उपचार लागू पडतात, हे खरं. आणि सर्वांत चांगल्या गटातही तीन महिन्यांनी दहातली जवळपास तीन मुलं सुधारलेली नव्हती, हेही तितकंच खरं. ज्याचा चौथा महिना चालू आहे त्याने स्टेजवर हसणारा नायक वाचला, तर तो म्हणेल, माझ्यावर इलाजच नाही.

म्हणून आता बाराव्या आठवड्यात आमचा मुलगा अर्धामुर्धा आहे. आधीच्या काही आठवड्यांत नैराश्यावरच्या गोळीने मळमळ होऊन गेली आहे. गोळीचा गुण यायला आठवडे लागतात, आणि सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात म्हणून या वयाच्या मुलांवर बारीक लक्ष ठेवावं लागतं. तसा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ पासून या औषधांवर छापायला लावला आहे. म्हणून आई रोज रात्री त्याच्या खोलीत येऊन बसते. त्याला ते आवडत नाही. एके दिवशी वरणभाताइतकी साधी गोष्ट घडते: त्याला एका विनोदावर हसू येतं आणि हसल्यावर आठवतं की आपण हसलो.

शाळेत परतण्याचं प्रकरण लेखिकेने अप्रतिम लिहिलं आहे. वर्ग अचानक नको इतका चांगला वागतो आणि त्याला पळून जावंसं वाटतं. तो काहींना सांगतो की टायफॉइड झाला होता. डॉक्टर त्यावर म्हणतात, कुणाला किती सांगायचं हे तुझं तू ठरव. बुडालेला अभ्यास एकदम न मागता दोन विषयांपासून सुरू करायचं बाई ठरवतात. गणिताच्या सरांना ते पटत नाही, आणि शेवटपर्यंत पटत नाही.

मुलांनी वाचलं तेव्हा

छपाईआधी आम्ही तीन किशोरवयीन वाचकांना हस्तलिखित दिलं. पालकांची परवानगी घेऊन, आणि नंतरच्या गप्पांना समुपदेशक हजर ठेवून. एकाला वडील आवडले. दुसरा म्हणाला, डॉक्टरांची पानं त्याने दोनदा वाचली, कारण हे आधी कुठेच वाचलं नव्हतं.

तिसऱ्या मुलीचा प्रश्न मित्राबद्दल होता. त्या रात्री फोन न उचललेला मित्र. सकाळी त्याने मिस्ड कॉल पाहिला असेल ना? मग त्याला काय वाटलं? त्याला कुणी विचारलं का?

कुणीच विचारलं नव्हतं. मसुद्यात तो मुलगा फक्त परत यायला आणि पुरेसा न पडायला होता. लेखिकेने पुस्तक पुन्हा उघडलं. नव्या प्रकरणात मित्र मुलावर सतत पाळत ठेवू लागतो. रात्री मेसेज करतो, उत्तर येईपर्यंत झोपत नाही, स्वतःची चाचणी परीक्षा बिघडवून घेतो. बाईंच्या ते लक्षात येतं. त्या त्याला थांबवून सांगतात की फोन न उचलल्याने हे झालं नाही, आणि मित्राला जिवंत ठेवणं हे पंधरा वर्षांच्या मुलाचं काम नाही. त्याचं काम एवढंच: काही वेगळं दिसलं तर त्याच दिवशी मोठ्या माणसाला सांगायचं, मित्राने शपथ घातली असली तरी. मग बाई त्याला विचारतात, तू जेवतोस का नीट, झोपतोस का. तो मान डोलावतो, आणि बाई म्हणतात, खरं सांग.